दावण कुठे बांधायची

ओरिन गाडी थांबवतो आणि आधी तळं बघतो.
मी आधी पायाखालची जमीन.
एकतीस वर्षं हेच चाललंय आमचं,
मोंटानाच्या डोंगरांत, दर जुलैला.

"इथंच," तो म्हणतो,
"सकाळी तंबूचं दार उघडलं की समोर पाणी."
मी टाच रुतवून पाहते.
वरून गवत हसरं, खाली सगळी दलदल.
चार घोड्यांच्या सोळा टापा रात्रभर इथं उभ्या राहिल्या
तर उजाडेपर्यंत नुसतं कालवण उरेल.
शिवाय काठाला त्या पांढऱ्या छत्र्यांची फुलं,
हेमलॉक.
हॅटीचं खेचर एका मुळीत गेलं होतं,
तेही असंच, तळं छान दिसत होतं म्हणून.

पुढे पाइनची रांग, दावणीला अगदी जोगी,
पण निम्मी झाडं उभ्यानं मेलेली, किड्यांनी पोखरलेली.
आम्ही दोघंही मान वर करून बघतो
आणि काही न बोलता गाडीत बसतो.
त्यापुढच्या जागेत ट्रेलर वळेना.
ओरिन तीनदा मागेपुढे करून पाहतो,
चौथ्यांदा मला शिव्या देतो, पाचव्यांदा ट्रेलरला.

लेक बिलिंग्जहून फ्लॅटचे फोटो पाठवते आहे.
लिफ्ट आहे, बाल्कनीतून नदी दिसते.
नेटवर्क गेलं की मला बरं वाटतं.

शेवटी सापडते. सगळं जसं हवं तसं.
जिवंत झाडं, उतार बेताचा,
माश्या उडवून लावील एवढा वारा,
ओढ्याला खडीचा काठ.
ओरिन दुखऱ्या गुडघ्यानं मोठ्यानं पावलं मोजतो,
पाण्यापासून दोनशे फूट, नियम म्हणजे नियम.
दावण ताणली, खोडांना रुंद पट्टे, साल सोलू नये म्हणून.
खुर्च्या उघडल्या. कॉफी ठेवली.

आणि मर्टल खाईना.

बिशप खातोय, दोन्ही लहान घोडे खाताहेत,
ही सत्तावीस वर्षांची, डावा डोळा दुधाळलेला,
तोबऱ्याला तोंडसुद्धा लावत नाही.
कान टवकारून उभी. एक पाय आपटते.
थांबते. पुन्हा आपटते.
"म्हातारी झाली," ओरिन म्हणतो.
मी म्हणते, "हो."
मग आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळतो.

पाऊण तासानं मी तिचं दावं सोडलं.
ओढलं नाही, नुसतं हातात धरलं.
ओढा ओलांडून ती मला घेऊन गेली
तिथं, जिथं माणूस थांबणार नाही.
तोडलेल्या झाडांचे बुंधे, कुणाची तरी फुटकी चूल,
धुळीचा रस्ता हाकेच्या अंतरावर,
आणि देखावा म्हणाल तर एक दगड.
तिथं तिनं मान खाली घातली,
लांब फुरफुरली, चार पाय पसरून मुतली,
आणि चरायला लागली.

अंधारात सगळं हलवलं.
ओरिन काय काय बोलला ते इथं लिहीत नाही.
कॉफी सांडली, एक खुंटी हरवली ती हरवलीच.

सकाळी मी एकटी ओढ्यापलीकडे गेले.
अस्वलाचा माग नाही, मोडलेली फांदी नाही,
साप नाही, मधमाश्यांचं पोळं नाही.
दवात आमच्या खुर्च्यांच्या पायांचे आठ खड्डे,
वारा बेताचा,
आणि जागा अजूनही तितकीच सुंदर.

परत आले तेव्हा ओरिन शेगडीपाशी.
"काय होतं तिथं?"
"काही नाही."
त्यानं सफरचंद चाकूनं कापलं,
मोठा तुकडा तळहातावर घेतला
आणि तिच्या उजव्या बाजूनं,
जिथून तिला दिसतं,
हळूच तिच्याकडे गेला.